नळाला पाणी आहे, मग मशीनला का नाही? – चौथ्या मजल्यावरच्या एका कोडचा तपास

जूनच्या शेवटी काकांचा फोन आला. "अगं, वॉशिंग मशीनचा बोर्ड गेलाय म्हणतात. आठ हजार दोनशे सांगितलेत. टाकू का?"

मावशी आणि काका कोथरूडमध्ये राहतात. तळमजल्यावर चार मजले, अशा जुन्या इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर. मशीन समोरून दार असलेलं, सात किलोचं, चार वर्षांचं. कपडे टाकून सुरू केलं की दार लॉक होई, थोडं गुरगुरे, आणि काही मिनिटांनी पडद्यावर पाणी न भरल्याचा कोड येऊन बीपबीप सुरू होई. बंद करून पुन्हा चालू केलं की कधी नीट चाले, कधी पुन्हा तेच. असं महिनाभर चाललं होतं. मावशीने शेवटी बादलीने कप्प्यातून पाणी ओतून कपडे धुवायला सुरुवात केली होती. गुडघ्यांचं दुखणं असलेल्या बाईने बादल्या उचलायच्या, हे ऐकूनच मला राहवेना.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करते. व्हॉल्व्ह, सेन्सर, दाब हे माझं रोजचं. म्हणून काकांना म्हटलं, "काका, रविवारी येते, तोवर पैसे देऊ नका. आणि सकाळी सातलाच येते, दुपारी नाही." वेळेचं तेव्हा सहज सुचलं होतं, पण पुढे त्या वेळेवरच बरंच काही ठरलं.

कोड काय सांगतो

पाणी भरताना मशीनमध्ये काय होतं ते आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. मागच्या बाजूला नळाचा पाईप जिथे जोडतो तिथे इनलेट व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी आत घेणारी झडप असते. बोर्ड, म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, त्या व्हॉल्व्हच्या कॉइलला (तारेच्या गुंडाळीला) वीज देतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी साबणाच्या कप्प्यातून ड्रमकडे जातं. ड्रमच्या तळाशी एक बारीक नळी जोडलेली असते. पाणी चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते आणि वरचा सेन्सर तो दाब मोजतो. बोर्डाला एवढंच समजतं की पातळी चढली किंवा नाही चढली. ठरलेल्या मिनिटांत ती चढली नाही तर तो कोड लावतो आणि थांबतो.

म्हणजे कोडचा अर्थ 'व्हॉल्व्ह बिघडला' असा नाही आणि 'बोर्ड बिघडला' असा तर मुळीच नाही. 'मी वाट पाहिली, पाणी पोचलं नाही,' इतकंच मशीन सांगतं. का पोचलं नाही हे त्याला दिसत नाही. ही अक्षरं कंपनीगणिक बदलतात. एलजीच्या मशीनवर पाणी न भरल्याचा कोड 'आयई' असतो, सॅमसंगवर '४सी' किंवा '४ई', आणि बॉशवर 'ई१८' दिसला तर तो पाणी भरण्याचा नसून बाहेर न जाण्याचा असतो. म्हणून मॅन्युअलचं पान आधी उघडायचं. मावशीने ते कपाटात गॅसच्या पुस्तकाबरोबर नीट ठेवलं होतं.

तंत्रज्ञाने बोर्डावर बोट का ठेवलं

त्या दादांना मी दोष देत नाही. ते बुधवारी दुपारी दीड वाजता आले होते. त्यांच्यासमोर मशीन झकास भरलं. त्यांनी मल्टिमीटरने व्हॉल्व्हच्या कॉइलचा रोध मोजला, तो ठीक होता. व्हॉल्व्ह चांगला, पाणी चांगलं आणि कोड तर येतो-जातो, मग उरला बोर्ड. दुपारी दीडला हातात जेवढं होतं त्यावरून हा निष्कर्ष निघू शकतो. पण बिघाड सकाळचा असेल तर दुपारी येऊन तो दिसणार कसा?

घरात शिरल्यावर मशीनच्या आधी मी भिंतीवरच्या कालनिर्णयकडे गेले. काका बँकेतून निवृत्त झालेत आणि सिलिंडर कधी लावला, दूध किती घेतलं, औषध कधी संपलं, सगळं त्या चौकोनांत पेन्सिलने लिहून ठेवतात. मशीन अडलं की तेही त्यांनी 'मशीन ×' असं लिहिलं होतं, बहुतेक ठिकाणी वेळेसह. मेच्या मध्यापासून नऊ फुल्या होत्या. त्यांतल्या सात सकाळी सात ते नऊच्या मधल्या, दोन गुरुवारी संध्याकाळच्या. दुपारची एकही नाही. सकाळच्या सातांपैकी तीन शुक्रवारच्या, तीन रविवारच्या.

पुण्यातल्या माणसाला गुरुवार-शुक्रवार वेगळा समजावून सांगावा लागत नाही. देखभालीसाठी गुरुवारी पाणी बंद आणि 'शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा' ही बातमी आपण किती वेळा वाचलेली असते! म्हणजे गच्चीवरची टाकी खाली गेलेली असते तेव्हा, आणि सगळ्या घरांत एकाच वेळी आंघोळी चालू असतात तेव्हा, हे मशीन अडत होतं. बोर्डाला वार कळत नाही. तो पेन्सिलचा चौकोन पाहिल्यावर माझा बोर्डावरचा संशय जवळजवळ संपला.

पहिल्या फुलीच्या तीन दिवस आधी काकांनी लिहिलं होतं, 'टाकी धुतली.' मावशीला विचारलं तर म्हणाली, "हो ना, त्या आठवड्यात दोन दिवस नळाला गढूळ पाणी होतं. त्याआधी टँकरही आले होते."

कान लावून

मशीनमध्ये थोडे टॉवेल टाकून सुरू केलं आणि मी मागच्या बाजूला कान देऊन बसले. हे कोणालाही करता येतं, त्यासाठी काही उघडावं लागत नाही. व्हॉल्व्हला वीज मिळाली की कॉइलचा बारीक 'घूं' असा आवाज येतो. तो येत होता, अगदी स्पष्ट. त्याच्यासोबत पाण्याचा जो जोरदार 'सर्र' आवाज यायला हवा तो मात्र नव्हता. साबणाचा कप्पा किंचित बाहेर ओढून पाहिलं तर आत करंगळीएवढीही धार नव्हती, पाणी कडेने ओघळत होतं.

'घूं' आहे म्हणजे बोर्डाने हुकूम दिला आणि कॉइलने तो ऐकला. आठ हजार दोनशे रुपयांचा प्रश्न माझ्यासाठी त्या आवाजाने मिटला. हा आवाजच नसता, तर बोर्ड, वायर, कॉइल यांच्याकडे वळावं लागलं असतं.

आणखी एक शक्यता खोडून टाकायची होती. पाणी आत येतंय, पण येता येता बाहेर निघून जात असेल तर? आपल्याकडे हे सर्रास होतं. सांडपाण्याचा पाईप लोक थेट मोरीत, जमिनीवर टाकून देतात. पाईपचं तोंड ड्रमच्या पातळीपेक्षा खाली गेलं आणि एकदा धार लागली, की मशीन भरताना पाणी आपोआप ओढलं जाऊन वाहून जातं. बोर्ड बिचारा वाट पाहत राहतो आणि शेवटी पाणी न भरल्याचाच कोड लावतो. मावशीकडे तो पाईप मागच्या आकड्यात उंच अडकवलेला होता आणि मोरी कोरडी होती. ती शक्यता गेली.

जाळी

मशीनचा प्लग काढला, नळ बंद केला, खाली ताट ठेवलं आणि पाईपची आटी हाताने सोडवली. व्हॉल्व्हच्या तोंडाशी टोपीसारखी छोटी प्लॅस्टिकची जाळी असते. मधल्या कण्याला पक्कडीने धरून ती सरळ बाहेर ओढायची, पिळायची नाही. बाहेर आली ती जाळी ओळखू येईना. भिजलेल्या बिस्किटासारखा तपकिरी गाळ, त्यात पांढरे क्षाराचे कण आणि टेफ्लॉन टेपचा एक गुंडाळलेला तुकडा, कुठल्यातरी प्लंबरच्या कामातून वाहत आलेला.

जुन्या टूथब्रशने घासली, लिंबूसत्त्वाच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवली, धुतली, परत बसवली. सोसायटीच्या प्लंबरने मावशीला आधी सांगून ठेवलं होतं, "जाळी काढूनच टाका, कटकट नको." तसं कधीही करू नका. जाळी नसेल तर तो गाळ व्हॉल्व्हच्या आत जाऊन बसतो, व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि मशीन बंद असतानाही त्यात पाणी भरत राहतं. बाहेरगावी जाताना नळ उघडा राहिला तर खालच्या घराच्या छतापर्यंत ते पोचेल.

मशीन सुरू केलं, 'घूं' पाठोपाठ 'सर्र' आलं. मावशीने हातातली बादली खाली ठेवली. मीही समाधानाने घरी गेले.

बाराव्या दिवशी, शुक्रवारी सकाळी पावणेआठला, पुन्हा फुली.

बादलीचं मोजमाप

तपासातली सर्वात मोलाची वस्तू १० लिटरची बादली आणि मोबाइलचं घड्याळ ठरली. जाळी साफ करण्याआधी मी मशीनच्या नळावर, पाईप न लावता, दोनदा मोजलं होतं. त्या रविवारी सकाळी साडेसातला १० लिटर भरायला २ मिनिटं ४० सेकंद लागली. दुपारी दोनला तेच १ मिनिट ५ सेकंदांत. एका मिनिटाला सुमारे पावणेचार लिटर आणि सव्वानऊ लिटर! नळ तोच, टाकी तीच. जाळी निघाल्यावर मला वाटलं की प्रश्न सुटला, आणि हा फरक मी वहीत लिहूनही सोडून दिला. सोडायला नको होता.

आता उंचीचं गणित मांडलं. वरच्या मजल्याला पाणी भरपूर असणार असं बहुतेकांना वाटतं, कारण टाकी डोक्यावरच असते. खरं तर उलट आहे. दाब टाकीच्या जवळिकीने मिळत नाही, पाण्याच्या पातळीखाली आपण किती खोल आहोत त्याने मिळतो. पाण्याच्या एक मीटर उंचीमागे साधारण ९.८ किलोपास्कल (हे दाब मोजण्याचं एकक). मावशीच्या घराच्या जमिनीपासून गच्चीची पातळी ३ मीटरवर, टाकीचा तळ तिच्याही वर १.२ मीटर, आणि मशीनचा नळ जमिनीपासून १.१ मीटरवर. म्हणजे नळापासून टाकीचा तळ ३.१ मीटर. टाकीत फूटभर पाणी असेल तर एकूण ३.४ मीटर, दाब सुमारे ३३ किलोपास्कल. टाकी दीड मीटर भरलेली असेल तर ४.६ मीटर, दाब ४५. तळमजल्यावरच्या घराला मात्र १२ मीटर जास्त मिळतात, म्हणजे दाब दीडशेच्या वर.

आणि मॅन्युअलमध्ये या मशीनसाठी लिहिलेला किमान दाब होता ५० किलोपास्कल. टाकी काठोकाठ भरली तरी हे घर त्या आकड्याला पोचत नाही. चार वर्षं मशीन कंपनीने सांगितलेल्या किमान दाबापेक्षाही कमी दाबावर निमूट चाललं होतं.

नळाला पाणी येतं तर मशीनला का नाही, या मावशीच्या प्रश्नाचं उत्तर व्हॉल्व्हच्या रचनेत आहे. आपल्याला वाटतं की कॉइल दार उघडते. तसं नसतं. आत एक रबरी पडदा असतो आणि पाण्याचाच दाब त्याला वरून दाबून मिटवून ठेवतो. कॉइल फक्त एक छोटी लोखंडी दांडी उचलते आणि पडद्याच्या मधलं टाचणीएवढं भोक मोकळं होतं. त्यातून वरचं पाणी निसटतं, वरचा दाब उतरतो आणि मग खालून येणारं पाणी पडद्याला ढकलून वाट करून घेतं. दार पाणीच उघडतं. पाण्यात जोर नसला तर पडदा अर्धवट उचलला जातो किंवा उचललाच जात नाही. साध्या नळाला असा अडथळा नसतो, तो हाताने उघडला की तेवढा उघडाच राहतो. म्हणून बादली भरते, पण मशीन 'घूं' करत बसतं.

पण मग आधीची चार वर्षं शुक्रवार नव्हते का? होते. तेव्हाही टाकी खाली जायची, तेव्हाही आंघोळी व्हायच्या. जाळीचं कारण आता उरलेलं नव्हतं. म्हणजे या वर्षी आणखी काहीतरी बदललं होतं.

डक्टमधला आवाज

पुढच्या रविवारी पुन्हा सातला गेले. बादली नळाखाली ठेवून मोजत होते. निम्मी बादली होईपर्यंत धार बरी होती, आणि एकदम बारीक झाली, कोणी नळ पिळावा तशी. त्याच क्षणी बाथरूमच्या खिडकीतून, डक्टमधून (पाईप जातात त्या उभ्या पोकळीतून) एक सौम्य घरघर ऐकू आली. दोन-तीन मिनिटांनी घरघर थांबली, धार परत जाड झाली. पुन्हा घरघर, पुन्हा बारीक. मी मावशीला हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, "ही खालच्यांची मोटर असेल. एप्रिलमध्ये बाथरूम नवीन केलंय त्यांनी."

तिसऱ्या मजल्यावर मोठा शॉवर बसवला होता आणि त्याला जोर यावा म्हणून एक प्रेशर पंप. पंप बसवला होता तो दोन्ही घरांच्या सामाईक डाऊनटेकवर, म्हणजे गच्चीवरून खाली येणाऱ्या त्याच उभ्या पाईपवर. पंप सुरू झाला की तो त्या पाईपमधलं पाणी ओढून घेतो. पाईप तेवढं पाणी एकदम देऊ शकत नाही, आणि ज्याच्याकडे सर्वांत कमी उंचीचा दाब आहे त्या वरच्या घराच्या वाट्याला जवळपास काही उरत नाही.

काकांचा पहिला विचार होता, "मग आपणही एक पंप लावू." मी त्यांना हात जोडून नको म्हटलं. एकाच पाईपवर दोन पंप म्हणजे दोघांनी एकाच ग्लासात स्ट्रॉ घालून ओढायचं. वर आवाज आणि विजेचं बिल. शिवाय दुसऱ्या मजल्यानेही उद्या तेच केलं तर?

आम्ही खाली गेलो. तिथल्या वहिनींना याची कल्पनाच नव्हती, आणि असायचं कारणही नव्हतं. त्यांच्याकडे पाणी छान येत होतं. मी त्यांना वर आणलं, त्यांच्या मुलाला खाली शॉवर सुरू करायला सांगितलं, आणि बादलीतली धार बारीक होताना त्यांनी स्वतः पाहिली. कागदावरच्या कुठल्याही गणिताने जे झालं नसतं ते त्या अर्ध्या मिनिटात झालं. त्या म्हणाल्या, "काकू, तुम्ही महिनाभर बादल्या उचलत होतात? एकदा दार तरी वाजवायचं!"

सोसायटीच्या बैठकीत ठरलं की ज्याला पंप हवा त्याने टाकीपासून स्वतंत्र पाईप आणायचा, सामाईक पाईपवर पंप नको. खालच्या घराने तो पाईप स्वतःच्या खर्चाने टाकला. त्यात दोन आठवडे गेले. तेवढे दिवस मावशीने मशीन दुपारीच लावलं, आणि एकदाही कोड आला नाही.

नंतर

पाईप झाल्यावर मी पुन्हा साडेसातला मोजलं, खाली शॉवर चालू असताना. १० लिटर, १ मिनिट १० सेकंद. दुपारच्या आकड्यापेक्षा पाचच सेकंद जास्त. आठ हजार दोनशे वाचले. मावशीचा खर्च झाला तो तंत्रज्ञाच्या त्या दुपारच्या भेटीचा तेवढा.

हे घर अजूनही मॅन्युअलच्या ५० किलोपास्कलच्या खालीच आहे, ते बदललेलं नाही. टाकीचा स्टँड उंच करायचा तर तो सोसायटीचा मोठा खर्च आहे. म्हणून जाळीत गाळ साचायला इथे फारशी मुभा नाही. दर तीन महिन्यांनी आणि टाकी धुतली की लगेच ती काढून धुवायची, असं काकांनी आता कालनिर्णयवर पुढच्या महिन्यांच्या चौकोनांत आधीच लिहून ठेवलंय. मावशीला जाळी काढायला मी दोनदा हाताने करायला लावलं. प्लग काढायचा, नळ बंद करायचा, ताट ठेवायचं, मग आटी. आता ती माझ्यापेक्षा चपळाईने करते.

तंत्रज्ञ दादांनाही मी फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "बादलीत किती सेकंद म्हणालात?" मी आकडे सांगितले, त्यांनी लिहून घेतले.

नोव्हेंबरमध्ये एकदा तोच कोड परत आला, गुरुवारी संध्याकाळी. मावशीचा फोन आला तेव्हा मला वाटलं पुन्हा सगळं पहिल्यापासून पाहावं लागणार. पण ती घाईत होती. म्हणाली, "कोड आला, 'घूं' होतं पण पाणी नव्हतं, म्हणून आधी स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला. तोही कोरडा. टाकीच रिकामी आहे गं. वॉचमनला पंप लावायला सांगितलाय, तोवर मशीन बंद करून ठेवलंय."

काकांनी त्या दिवशीच्या चौकोनात फुली केली नाही. 'टाकी रिकामी' एवढंच लिहिलं.